माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या (आयआयटी मुंबई)

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई म्हणजेच पवईची आयआयटी. इथून पदवी घेऊन गेलेल्यांनी संस्थेला दिलेला पैसा, तो गोळा करण्याची बसलेली घडी आणि त्यातून आजच्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हा या नोंदीचा विषय. संस्था प्रामुख्याने केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते आणि देणग्या त्या अनुदानाची जागा घेत नाहीत. सरकारी पैसा ठरलेल्या शीर्षाखालीच खर्च करावा लागतो. देणगीचा पैसा त्या शीर्षांच्या मधल्या फटींत पोचतो, आणि विद्यार्थ्याचे बरेचसे जगणे त्याच फटींत असते.

मुंबईला विद्येसाठीचे दान नवे नाही. १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि आई राजाबाई हिच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. हे दान मात्र शेठ-सावकारांचे होते. शिकून गेलेल्यांनीच दरवर्षी आपापल्या ऐपतीप्रमाणे निधीत भर घालायची, ही पद्धत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९० मध्ये सुरू झाली आणि तिथल्या उच्चशिक्षणाच्या अंगवळणी पडली. पवईत ती अमेरिकेत स्थिरावलेल्या आयआयटीयनांबरोबर आली.

१९५८ मध्ये वरळीच्या एका इमारतीत १०० विद्यार्थ्यांवर सुरू झालेली ही संस्था पुढे पवई तलावाकाठी वसली. साठ-सत्तरच्या दशकांत बाहेर पडलेले अनेक जण अमेरिकेत गेले, तिथे कंपन्या काढल्या आणि नव्वदच्या दशकात देण्याच्या स्थितीत आले. १९९६ मध्ये तिकडे आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन स्थापन झाले. यामुळे अमेरिकेतल्या देणगीदाराला तिथल्या कायद्याप्रमाणे करसवलत मिळू लागली आणि पैसा पाठवण्याची एक भरवशाची वाट तयार झाली. ही गोष्ट वरवर कारकुनी वाटते. पण द्यायची इच्छा असलेले हात अनेकदा केवळ कागदपत्रांच्या कटकटीने मागे राहतात, आणि ही वाट झाल्यावरच मोठ्या देणग्यांचा ओघ सुरू झाला. माजी विद्यार्थी कन्वल रेखी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान शाळा (म्हणजे 'स्कूल', संस्थेतला विभाग), माजी विद्यार्थी शैलेश मेहता यांच्या नावाची व्यवस्थापन शाळा या नव्वदच्या दशकाच्या शेवटाच्या आणि २००० च्या सुमाराच्या घडामोडी. माजी विद्यार्थी भारत देसाई आणि त्यांच्या पत्नी नीरजा सेठी यांच्या देणगीतून २०१४ मध्ये उद्योजकतेचे केंद्र उभे राहिले. तिथे कोणत्याही शाखेचा विद्यार्थी उद्योग कसा सुरू करायचा याचे अभ्यासक्रम घेऊ शकतो.

पण खरा जिव्हाळा वसतिगृहाशी असतो. माजी विद्यार्थी ओळख करून देताना शाखेच्या आधी 'एच-४', 'एच-८' असा वसतिगृहाचा नंबर सांगतात. २००८ पासून इतर मागासवर्गीयांसाठीच्या आरक्षणाबरोबर जागा टप्प्याटप्प्याने वाढवल्या गेल्या. हा विस्तार गरजेचाच होता, पण विद्यार्थी जितक्या वेगाने वाढले तितक्या वेगाने खोल्या वाढल्या नाहीत. एकट्यासाठी बांधलेल्या खोलीत दुसरी खाट आली. खोली तीच, खिडकी तीच, पण आता एक टेबल भिंतीला आणि दुसरे दाराला लागून. एकाला पहाटेपर्यंत कोडिंग करायचे, तर दुसऱ्याची सकाळी साडेआठची लॅब. अभ्यास, झोप आणि मनःस्वास्थ्य या तिन्हींचा हिशेब त्या काही चौरस फुटांत होतो. म्हणून वसतिगृहासाठी आलेली देणगी ही नुसती बांधकामाची देणगी नसते.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी हे फार आधी ओळखले. ते १९७३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीला दाखल झाले. वसतिगृहांची बांधणी, माहिती तंत्रज्ञान शाळा आणि नवउद्योगांचे संगोपन केंद्र यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे मिळून ८५ कोटी रुपये दिले होते. संस्थेशी नाते जुळल्याला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने जून २०२३ मध्ये त्यांनी आणखी ३१५ कोटी जाहीर केले. एकूण आकडा ४०० कोटींवर गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका माजी विद्यार्थ्याने नाव न सांगता १६० कोटी रुपये दिले. ते हरित ऊर्जा आणि शाश्वततेच्या संशोधन केंद्रासाठी होते. आपल्याकडे मंदिराच्या हुंडीत गुप्तदान टाकणारे पुष्कळ, पण प्रयोगशाळेच्या हुंडीत एवढी रक्कम टाकून नाव झाकून ठेवणारा विरळा. संस्थेतल्या इमारतींवर, सभागृहांवर आणि केंद्रांवर देणगीदारांची नावे आहेत, आणि त्यात गैर काही नाही. नाव दिसले की पुढच्यालाही हुरूप येतो. तरी या निनावी देणगीचे मोल वेगळे आहे.

मोठ्या देणग्या बातम्यांत येतात. घडी मात्र बॅचवर चालते. पदवीला २५ वर्षे झाली की रौप्यमहोत्सवी आणि ५० झाली की सुवर्णमहोत्सवी बॅच डिसेंबरमध्ये पवईत जमते. त्याच्या बऱ्याच आधीपासून बॅचमधले काही जण फोनाफोनी करतात, वर्षानुवर्षे संपर्क नसलेल्यांचे पत्ते शोधतात आणि सामूहिक देणगीचा आकडा ठरवतात. १९७१ च्या बॅचने सुवर्णमहोत्सवाला ४१ कोटी दिले होते. १९९८ च्या बॅचच्या दोनशेहून अधिक जणांनी डिसेंबर २०२३ मध्ये ५७ कोटींचा संकल्प करून तो विक्रम मोडला. हा पैसा वसतिगृहांची पुनर्बांधणी, विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने काही घडवता येईल अशी मेकर स्पेस, शिष्यवृत्त्या अशा कामांसाठी आहे. यात सगळ्यांचा वाटा सारखा नसतो, आणि नसावाही. जुन्या मित्रांनी मागितल्यावर दिलेले पाच हजार आणि पाच कोटी एकाच यादीत येतात, ही या पद्धतीची सर्वांत सुंदर बाजू.

शिष्यवृत्तीचा हिशेब जरा जवळून पाहण्यासारखा आहे. २०१६ पासून बीटेकचे शिक्षणशुल्क वर्षाला दोन लाख रुपये झाले. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. कुटुंबाचे उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तरी पूर्ण माफ, आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश. पण माफी फक्त शिक्षणशुल्काची. मेसचे पैसे, लॅपटॉप, चष्मा, गावी जायचे तिकीट, आई आजारी पडल्यावर घरी पाठवायचे दोन पैसे हे त्यात येत नाही. सहा लाख उत्पन्नाच्या शिक्षकाचे किंवा दुकानदाराचे मूल तर या सवलतीच्या बाहेरच राहते. देणगीतून उभी राहिलेली गरजाधारित शिष्यवृत्ती कामी येते ती इथे.

अशा शिष्यवृत्त्यांना बहुधा कायम निधीचा आधार असतो. मूळ रक्कम जशीच्या तशी ठेवायची, फक्त उत्पन्न खर्चायचे. समजा २५ लाख ठेवले आणि त्यावर सात टक्के मिळाले, तर वर्षाला पावणेदोन लाख रुपये हाती येतात, म्हणजे एका विद्यार्थ्याचा बराचसा राहण्या-जेवणाचा खर्च निघतो. सगळे व्याज वाटून टाकले तर मात्र महागाई निधी आतून खाते. जुन्या शिक्षणसंस्थांमध्ये कुणा सद्गृहस्थाने ठेवलेली पारितोषिके आज एका पुस्तकाच्या किमतीचीही उरलेली नाहीत, ती याच कारणाने. म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात परत टाकणे हे निधी सांभाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

देणगी दोन प्रकारची असते: अमुक कामासाठीच अशी अट घातलेली, आणि संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरा असे सांगून दिलेली. देणाऱ्यांचा ओढा पहिलीकडे असतो. विद्यार्थ्यांचे हित पाहिले तर दुसरी जास्त उपयोगी ठरते, कारण गळणारे छप्पर, वाचनालयाचे वाढीव तास किंवा समुपदेशकाचा पगार यांवर कुणी आपले नाव घालू मागत नाही. भारतातल्या देणगीदाराला प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जी खाली वजावट मिळत आली आहे. नव्या करप्रणालीत ती सवलत नाही, तेव्हा पगारदार लहान देणगीदाराचे ते निमित्त कमी झाले आहे.

सगळ्याच विद्यापीठांना हे जमत नाही. जिथले पदवीधर शिक्षक, शेतकरी, कारकून झाले, तिथे कृतज्ञता कमी नसते, कमी असतो तो पैसा. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे जुनी यूडीसीटी, ही उद्योगाशी जन्मापासून जोडलेली असल्याने वेगळी. तिथे शिकलेल्या मुकेश अंबानी यांनी जून २०२५ मध्ये आपले गुरू प्रा. मन मोहन शर्मा यांच्या शब्दाखातर १५१ कोटी रुपये बिनशर्त दिले आणि त्याला गुरुदक्षिणा म्हटले.

पैशाशिवायही देणे असते. पवईत विद्यार्थ्यांचाच एक माजी-विद्यार्थी संपर्क विभाग आहे. त्याच्या फोनाथॉन उपक्रमात मुले थेट माजी विद्यार्थ्यांना फोन लावतात, आणि मार्गदर्शन योजनेत एकेका विद्यार्थ्याला एकेक अनुभवी माणूस जोडून दिला जातो. घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आले असेल, तर मुलाखतीला काय घालायचे, पीएचडी करावी की नोकरी, एका विषयात नापास झालो तर पुढे काय, हे विचारायला घरात कोणी नसते. तेव्हा वीस वर्षांपूर्वी त्याच मेसमध्ये जेवलेला माणूस अर्धा तास फोनवर बोलतो, आणि स्वतःही कधी एका विषयात अडकलो होतो हे सांगतो.