कॉर्नफ्लोअरचं पिठलं

रात्री अकरा वाजता न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, तुझ्या लेमन पायचं पिठलं झालंय. वरून हिंगाची फोडणी देऊ का?"

व्हिडिओवर पाहिलं तर खरंच पिठलं. पाय या गोड विलायती पदार्थाच्या मैद्याच्या खुसखुशीत कवचात लिंबाच्या थराऐवजी पिवळंजर्द, रवाळ, मक्याच्या वासाचं काहीतरी बसलं होतं आणि त्यावर मेरँगचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या गोड फेसाचा, पांढराशुभ्र ढग. कृती मीच लिहून पाठवली होती. तीत 'पाव वाटी कॉर्नफ्लोअर' होतं आणि तिने दुकानातून नेमकं त्याच नावाचं पाकीट आणलं होतं. चूक तिची नव्हती.

आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो ती पांढरी, बोटांत चोळली की करकरणारी भुकटी म्हणजे मक्यातला निव्वळ स्टार्च. अमेरिकेत तिला कॉर्नस्टार्च म्हणतात. तिकडे कॉर्न फ्लोअर मागितलं तर अख्खा मका बारीक दळून केलेलं पीठ मिळतं. थॉमस किंग्सफर्ड यांनी मक्यातून स्टार्च वेगळा काढला तो १८४२ साली, तोही न्यू जर्सीतच, आणि मुख्यतः कपड्यांना खळ करायला. पुढे स्कॉटलंडमधल्या पेझ्लीच्या ब्राउन अँड पोल्सन कंपनीने १८५४ मध्ये खाण्याच्या स्टार्चचं पेटंट घेतलं आणि त्याला नाव दिलं 'कॉर्न फ्लोअर'. साहेबाबरोबर हेच नाव आपल्याकडे आलं आणि राहिलं. ऑस्ट्रेलियात तर गव्हाच्या स्टार्चलाही कॉर्नफ्लोअर म्हणून विकतात; कारण इंग्लंडच्या जुन्या बोलीत 'कॉर्न' म्हणजे कुठलंही धान्य. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, न चालणाऱ्या माणसाने तिथे पाकिटाची मागची बाजू वाचलेली बरी.

नावं बाजूला ठेवली तर स्टार्च आणि पीठ यांतला फरक कुरडया केलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, गाळून कोंडा काढायचा, पाणी निवळू द्यायचं आणि तळाशी बसलेला चीक घ्यायचा. मक्याच्या कारखान्यात तत्त्व हेच, फक्त प्रथिनं वेगळी करायला निवळीऐवजी गरगर फिरणारी यंत्रं. हाती उरतात ते स्टार्चचे सूक्ष्म कण. पाण्यात ते साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगायला लागतात, त्यांतले रेणू बाहेर पडून पाण्याला धरून ठेवतात आणि दुधी पाणी एकाएकी पारदर्शक, चकचकीत होतं. चीक शिजवताना पळी जड होते, तोच हा क्षण. पिठात मात्र प्रथिनं आणि कोंडाही असतो. कण त्यांच्यात अडकलेले, म्हणून पोत रवाळ आणि रंग गढूळ. लिंबाचा पारदर्शक पिवळा थर त्यातून होणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या खेपेस तिने बरोबर पाकीट आणलं. थर झकास बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "ताई, सगळं पाणी पाणी!"

हा घोटाळा नावाचा नव्हता, अंड्याचा होता. पिवळ्या बलकात अमायलेझ हे विकर (एन्झाइम) असतं, आपल्या लाळेत असतं त्याच जातीचं. त्याचं काम स्टार्चच्या साखळ्या कापणं. अंडं फाटेल या भीतीने तिने बलक घातल्यावर लगेच गॅस बंद केला होता. विकर जिवंत राहिलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये निवांत कातरत बसलं. खरं तर स्टार्च असला की अंडं सहजासहजी फाटत नाही, म्हणून बलक घातल्यावरही मिश्रणाला बुडबुडे येईपर्यंत शिजवायचं. लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावर. आम्लात जास्त वेळ उकळलं तरी त्याच साखळ्या तुटतात. थर गरम असतानाच मेरँग पसरायचं, म्हणजे ते खालूनही शिजतं आणि मधे पाणी सुटत नाही.

मेरँगसाठी कृतीत 'क्रीम ऑफ टार्टर' असतं. त्यात क्रीम नसतं. वाइनच्या पिंपांना आतून जे खरखरीत स्फटिक धरतात, ते शुद्ध केलं की हे मिळतं. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाचाच हा क्षार. त्याच्या आंबटपणामुळे पांढऱ्यातली प्रथिनं एकमेकांना नको इतकी घट्ट धरत नाहीत आणि फेस टिकतो. नसेल तर लिंबाचे चार थेंब चालतात. कॅस्टर शुगर म्हणजे बारीक दाण्याची साखर, अमेरिकेत तीच सुपरफाइन. आपली साखर मिक्सरमधून जरा फिरवून घेतली की झालं, पण पार पिठी नको. आणि कृती ऑस्ट्रेलियन असेल तर तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. तीन चमच्यांत एका चमच्याचा फरक पडतो, म्हणजे लहान चमच्याने मोजलं तर थर खळीसारखा पातळ.

तिसरा पाय जमला. तिने फोटो पाठवला, शेजारी चिरलेली दोन मोठी, जाड सालीची पिवळी फळं. मी विचारलं, "लिंबं कुठायत?" ती म्हणाली, "हीच की!"

मग लक्षात आलं. पश्चिमेकडचं लेमन हे कडू नारिंग आणि महाळुंग यांच्या संकरातून आलेलं फळ. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. आपलं कागदी लिंबूही महाळुंगाचंच अपत्य, पण दुसरा पालक वेगळा. तिकडे आपल्या लिंबाला लाइम म्हणतात, फ्लोरिडात की लाइम, आणि त्याचा वेगळाच प्रसिद्ध पाय होतो. म्हणजे गेली दहा वर्षं पुण्यात मी पाहुण्यांना लेमन मेरँग पाय म्हणून जो खिलवत आले, त्यात लेमन कधी नव्हतंच.

बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. पिठल्याचा हिशेब ती लगेच चुकता करेल.