कर्मचारी-स्वास्थ्य (मराठवाडा)

कर्मचारी-स्वास्थ्य : नोकरी करताना माणसाची तब्येत, मन आणि घरची घडी बिघडू नये म्हणून आस्थापनेने करावयाची व्यवस्था. तिचा काही भाग कायद्याने बंधनकारक आहे, तर काही मालकाच्या समजुतीवर अवलंबून असतो. उपाहारगृह, पाळणाघर, रजा, आरोग्य तपासणी, तक्रार निवारण आणि समुपदेशन ही तिची परिचित अंगे होत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मात्र हा विषय कचेरीच्या दाराबाहेरच सुरू होतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी, गाडी किती वाजता आणि पगार कोणत्या तारखेला, यावर इथल्या नोकरदाराचा महिना ठरतो. ते न विचारता घेतलेल्या योगशिबिराला लोक सही करायला येतात आणि निघून जातात.

कायद्याची चौकट : मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्याच वर्षी देशात कारखाने अधिनियम आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाले. २५० कामगार असतील तर उपाहारगृह व उन्हाळ्यात थंड पाणी, ३० महिला असतील तर पाळणाघर आणि ५०० कामगार असतील तर कल्याण अधिकारी, अशी कारखाने अधिनियमातील वाटणी होती. नांदेडच्या कापड गिरण्या सोडल्या तर एवढे मोठे कारखाने या भागात फारसे नव्हते. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, तसे चित्र बदलले. पण त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या सुटे भाग बनवणाऱ्या लहान शेडमध्ये माणसे २०-४० असतात. कँटीन मोठ्या कारखान्याला आणि शेडमधल्यांना घरचा डबा, हा फरक वाळूज, चिकलठाणा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत कायद्याच्या आकड्यांनीच पाडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने उपाहारगृहाची मर्यादा १०० वर आणि कल्याण अधिकाऱ्याची २५० वर आणली. लहान शेड त्यातही बसत नाहीत.

कार्यालये, बँका, दुकाने यांना वेगळे नियम आहेत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हे २०१३ च्या कायद्याने ठरवले. प्रसूतिरजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली.

कामगाराला उपचार देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेचे गाऱ्हाणे भूगोलाचे आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पण छत्रपती संभाजीनगरात वाळूज पश्चिमेला आणि राज्य विमा रुग्णालय पूर्वेला चिकलठाण्यात. तापाने फणफणलेला माणूस शहर ओलांडून जाण्यापेक्षा वाळूजच्याच खासगी दवाखान्यात खिशातले पैसे मोजतो.

अपडाऊन : शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेचे कारकून यांतले पुष्कळ जण जिल्ह्याच्या गावी राहतात आणि रोज नोकरीच्या गावी जाऊन येतात. नियम मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्याच गावी, राहण्याचा आहे, घरभाडे भत्ताही त्यासाठीच मिळतो. गंगापूर-खुलताबादचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ साली विधानसभेत हा मुद्दा काढल्यावर शिक्षक संघटना आणि ते यांच्यात मोठा वाद पेटला. पालकांची तक्रार खोटी नाही, शाळेत उशिरा येऊन लवकर निघणारे असतातच. पण मुलांची शाळा, नवरा-बायकोच्या दोन गावच्या नोकऱ्या, राहण्याजोगे घर आणि पाणी यांचा हिशेब मांडल्याशिवाय अपडाऊन समजत नाही. रोज दोन-तीन तास एसटीत किंवा मोटारसायकलवर काढणाऱ्याची पाठ आणि झोप दोन्ही जातात. राज्य शासनाने आपल्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, त्याने शनिवार मोकळा झाला. बदल्यात रोजचा दिवस पाऊण तासाने लांबला आणि सव्वासहाला सुटणाऱ्याची शेवटची गाडी चुकू लागली. लांबून येणाऱ्या बाईला ही सवलत कितपत मानवली, हे तिलाच विचारावे.

पाणी व ऊन : एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो प्रसंग देशभर गाजला. पण रोजचा त्रास गाजत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या अनेक वसाहतींना वर्षानुवर्षे आठवड्याने किंवा त्याहूनही उशिरा पाणी मिळत आले आहे. पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी थांबावे लागते आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा घरातली बाईच असते, मग ती बँकेत अधिकारी का असेना. तिच्या खात्यावर लेट मार्क पडतो किंवा किरकोळ रजा जाते. ज्या साहेबाने त्या दिवशी तासभर उशिराची मुभा दिली, त्याने कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त केले असे म्हणावे लागेल. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. बाहेर हिंडून वसुली किंवा सर्वेक्षण करणाऱ्यांची कामे सकाळी उरकून घेणे हा साधा उपाय आहे.

पगार, कपात आणि वावर : वेळेवर पगार हेच पहिले कल्याण. हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हावा, असे १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम सांगत होता. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना हे वाक्य वाचून हसू येईल.

पगारदाराचे घर शेतीपासून तुटलेले नसते. गावाकडे वावर असते, ते भाऊ बघतो. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीच्या बियाण्याचे पैसे नोकरीवाल्याकडे मागितले जातात. तो सेवकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढतो, सहकाऱ्याला जामीनदार करतो आणि पुढची काही वर्षे कपात होऊन हातात येणाऱ्या पगारावर काढतो. जामिनावरून शेजारच्या टेबलाशी बोलणे बंद झाल्याची उदाहरणे कुठल्याही कार्यालयात सापडतील. कर्मचारी-स्वास्थ्याच्या आराखड्यांत या कर्जाचा उल्लेखही नसतो.

मन : नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मराठवाड्यात मानसिक ताणाची चर्चा झाली ती मुख्यतः शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात. पगार चालू आहे त्याला कसले टेन्शन, असे घरचेही म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, पण त्याच्या रांगेत ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती मोठी. कंपनीच्या समुपदेशकाकडे बोललेले साहेबापर्यंत पोचेल, हीही शंका असते आणि ती दरवेळी अनाठायी नसते. त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा इथे सोयीची ठरते. १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि कार्यालयाला पत्ता लागत नाही.

कंत्राटी कर्मचारी : एकाच कार्यालयात एकाच कामाला कायम आणि एजन्सीमार्फत घेतलेले, असे दोन प्रकारचे लोक शेजारी बसतात. एजन्सीचे बिल निघाले नाही की दुसऱ्या प्रकारच्यांचा पगार थांबतो. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते मूळ मालकाने द्यावे, असे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात होते आणि नव्या संहितेतही ती तरतूद कायम आहे. ती वापरायची तर कर्मचाऱ्याला लेखी तक्रार करावी लागते, आणि कंत्राटाचे नूतनीकरण दर ११ महिन्यांनी असेल तर अर्जावर सही करायला सहसा कुणी पुढे येत नाही.