देवी एक की सात?

अमेरिकेतल्या देवीपूजकांच्या मेळाव्यांत गेली कित्येक वर्षे एक छोटे गाणे म्हटले जाते. त्यात सात नावांखेरीज काहीच नाही: आयसिस, अस्टार्टी, डायना, हेकटी, डिमीटर, काली, इनाना. इजिप्तपासून सुमेरपर्यंतच्या देवींत आपली कालीमाताही आहे. काहींच्या लेखी ही एकाच देवीची सात नावे. काहींना मात्र सात स्वतंत्र देवींना असे एका माळेत ओवणे हा त्यांचा अवमान वाटतो. आधुनिक पेगन पंथांत, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवतांची पूजा पुन्हा सुरू करणाऱ्या पंथांत, देवांच्या स्वरूपावरून जो वाद चालतो, तो हाच.

‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला वाटेल, यात भांडण्यासारखे काय? पण युरोपात हा प्रश्न वेगळ्याच वाटेने आला. जुन्या देवांची पूजा रोमन सम्राट थिओडोसियसने 391-92 मध्ये कायद्याने बंद केली. आइसलँडने इ. स. 1000 च्या सुमारास, तर लिथुआनियाने 1387 मध्ये ख्रिस्ती धर्म पत्करला. आजच्या बहुतेक पेगनांच्या हाती उरले ते ग्रंथ, अवशेष आणि लोकाचार. देव म्हणजे काय हे सांगणारे पुजाऱ्यांचे घराणे उरले नव्हते. म्हणून उत्तर ज्या त्या काळातल्या विद्वानांकडून उसने घेतले गेले.

पहिले उसने उत्तर एकत्वाचे. ग्रीकांच्या सगळ्या देवींमागे मुळात एकच आदिमाता असावी, असे जर्मन अभ्यासक एडुआर्ड गेरहार्ड यांनी 1849 मध्ये सुचवले. ती कल्पना विद्यापीठांतून गूढविद्येच्या मंडळांत झिरपली. डायॉन फॉर्च्यून या इंग्लिश लेखिकेने 1938 च्या एका कादंबरीत ती सूत्रासारखी मांडली: सगळे देव म्हणजे एकच देव, सगळ्या देवी म्हणजे एकच देवी. 1951 मध्ये इंग्लंडातला चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विक्का या आधुनिक चेटूक-पंथाची माहिती पुस्तकरूपाने जगासमोर ठेवली. त्यातही दैवते दोनच, शिंगवाला देव आणि त्याची जोडीदार देवी. हे युगुल अश्मयुगातून चालत आल्यासारखे वाटते खरे, पण त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासिकांत घडला आहे.

तरी एकत्व ही निव्वळ आधुनिक कल्पना नव्हे. दुसऱ्या शतकातल्या अपुलियसच्या लॅटिन कथेत आयसिस स्वतःच सांगते, की अथेन्सचे लोक मला मिनर्व्हा म्हणतात, सायप्रसचे व्हीनस, क्रीटचे डायना. माझे खरे नाव मात्र इजिप्शियनांना ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकात मानसशास्त्र पुढे आले. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या आदिबंधांच्या, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोलवर असलेल्या समान प्रतिमांच्या, आधारे देव हे मनातल्या शक्तींची रूपे ठरू लागले. मार्गो ॲडलर यांनी 1979 मध्ये अमेरिकन पेगनांचे जे सर्वेक्षणवजा चित्रण केले, त्यात देव प्रत्यक्ष आहेत असे मानणारे आणि ते प्रतीक आहेत असे मानणारे शेजारी शेजारी दिसतात. सुशिक्षित अमेरिकन माणसाला हे उत्तर फार सोयीचे होते, असे मला वाटते. पूजा करा, पण विश्वासाचा प्रश्न कुणी विचारला तर युंगकडे बोट दाखवा.

या सोयीविरुद्ध ऐंशी-नव्वदच्या दशकांत बंड झाले. नॉर्स (स्कँडिनेव्हियातला जुना), ग्रीक, केल्टिक, इजिप्शियन धर्म मूळ साधनांवरून पुन्हा उभे करू पाहणारे गट वाढले. त्यांच्या लेखी नॉर्स देव थॉर म्हणजे थॉरच. त्याला स्वतःची इच्छा आहे, स्वभाव आहे, आणि तो माझ्या मनाचा कप्पा नाही. आपल्याकडच्या ओळखीच्या शब्दांत सांगायचे तर हे जहाल आणि आधीचे मवाळ. जहालांना तत्त्वज्ञानाचे पाठबळही मिळाले. जॉन मायकेल ग्रीअर यांनी 2005 मध्ये युक्तिवाद केला, की माणसांचे धार्मिक अनुभव इतके परस्परभिन्न असतात की त्यांचा उलगडा एका देवापेक्षा अनेक देवांनी अधिक सरळ होतो. अभ्यासक एडवर्ड बटलर थेट पाचव्या शतकातल्या ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसपर्यंत मागे गेले. प्रोक्लसच्या ‘एका’चा अर्थ साऱ्या देवांना गिळणारे एकच तत्त्व असा नसून प्रत्येक देव आपापल्या ठायी पूर्ण ‘एक’ आहे, असे त्यांचे वाचन आहे. या साऱ्या वादातला मला सर्वांत कसदार वाटणारा भाग हाच, कारण इथे एकत्व आणि अनेकत्व एकमेकांचे शत्रू राहत नाहीत.

जुने लोक प्रत्येक देव स्वतंत्रच मानत, हा जहालांचा इतिहासाचा दावा मात्र पुरता टिकत नाही. इंग्लंडात बाथ इथल्या गरम झऱ्यावर रोमनांनी स्थानिक सुलिस आणि आपली मिनर्व्हा यांना जोडून सुलिस मिनर्व्हा अशी एकच देवी पुजली. ती एक की दोन, याचा निवाडा तिथे सापडलेल्या लेखांत नाही. नवस आहेत, आंघोळीला आल्यावर कपडे चोरणाऱ्याला दिलेले शिव्याशाप आहेत.

आइसलँडच्या आसात्रू या नॉर्स देव मानणाऱ्यांच्या संघटनेने हा निवाडा करायचाच नाही असे ठरवलेले दिसते. शेतकरी-कवी स्वेइनब्योर्न बेइंतेइन्सन यांच्या पुढाकाराने ती 1972 मध्ये स्थापन झाली आणि 1973 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. मान्यतेचा अर्ज दिल्यावर वादळ होऊन रेक्याविकमधली वीज गेली, असा किस्सा सदस्य आवडीने सांगतात. थॉर मेघगर्जनेचा देव असल्याने त्याला साहजिकच रंग चढतो. 2003 पासूनचे प्रमुख, संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन, आठ पायांच्या घोड्यावर बसणाऱ्या एकडोळ्या ओडिन देवाच्या कथांना काव्यात्म रूपके मानतात. पण सदस्य होण्यासाठी तसेच मानावे लागत नाही.