ऊसतोडीला जाताना मुलाचा दाखला काढू नका

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघाल्या की शाळेत गर्दी होते. "गुरुजी, पोराचा दाखला द्या, तिकडं शाळेत घालतो." दाखला मिळतो, पटावरचं नाव कमी होतं आणि तिकडं शाळा सापडेपर्यंत फड बदललेला असतो. हंगाम संपवून परत आल्यावर पोरगं कुठल्याच शाळेचं नसतं.

हंगामापुरतं जायचं असेल तर दाखला नको, मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कोपीजवळच्या (फडावरच्या झोपडीजवळच्या) जिल्हा परिषद शाळेत ते दाखवलं की मुलाला त्याच्या इयत्तेत बसवायचं असतं. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनाही हेच लागू. आणि आजी-आजोबा गावात असतील तर आधी हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, मूल गावातच राहील.

आता नकाराची कारणं. "प्रवेश बंद झाले" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि आईबापही ते मान्य करतात, कारण आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशाची, तारीख गेली हे त्यांनी मोबाईलवर वाचलेलं असतं. ती तारीख खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांच्या ऑनलाइन अर्जाची. जिल्हा परिषद शाळेचा तिच्याशी संबंध नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 15 प्रमाणे उशिरा आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरं, जन्माचा दाखला. फडावर जन्मलेल्या लेकराची नोंद कुठल्या गावात, हे आईलाही सांगता येत नाही. कलम 14 म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्यातली नोंद चालते. तीही नसेल तर पालकांनी वयाचं लेखी निवेदन द्यायचं. त्यासाठी स्टॅम्प पेपरला पैसे घालवायला लावणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

तिसरं, आधार. संगणकात नाव चढत नाही ही शाळेची अडचण, मुलाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय की 6 ते 14 वयाच्या मुलाच्या शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नाही.

बारा वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल तर तिला पहिलीत बसवत नाहीत. वयाच्या वर्गात घेऊन मागचं शिकवायचं, आणि चौदा पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच.

कर्नाटकात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हमी कार्ड महाराष्ट्राचं आहे. कायदा मात्र केंद्राचा, म्हणून वरची कलमं तिथेही चालतात. बेळगाव जिल्ह्यात सरकारी मराठी शाळाही आहेत.

शाळेने तोंडी नकार दिला तर "लिहून द्या" म्हणा. बहुतेकदा तिथेच काम होतं. नाही झालं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. लेखी तक्रारीवर निर्णयाला कायद्याने तीन महिने दिलेत. तेवढ्यात अर्धा हंगाम सरतो, म्हणून अर्ज द्याच, पण रोज शाळेत जाऊन उभंही राहा.

पाचवी आणि आठवीच्या मुलांना मात्र आता वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. ती परीक्षा कोणत्या शाळेत द्यायची, हे गाडीत बसण्याआधी गुरुजींना विचारून घ्या.