आवळी-जावळी, पण वार एकच

आमच्या बेळगावकडं जुळ्यांना मराठीत आवळी-जावळी म्हणतात आणि कन्नडमध्ये पण अवळी-जवळीच, हुबळी-धारवाडला अवळी नगर, म्हणजे जुळी शहरं म्हणतात ते त्यातलंच. पण जुळं झालं म्हटलं की सगळे विचारतात दोघं सारखी दिसतात का, वजन किती, आणि पोटात असताना दोघांची वार, म्हणजे प्लॅसेंटा, एक होती की दोन हे कुणीच विचारत नाही, खरं तर तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

माझ्या भाचीची जुळी खानापूरकडं सातव्या महिन्यातच झाली. एक लालबुंद आणि जरा भरलेलं, दुसरं पांढरंफटक, मुठीएवढं. दोघांनाही काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणाली एकानं दुसऱ्याचं खाल्लं बघ. मला तेव्हा फार राग आलेला कारण ऐकणारी बाळंतीण तिथंच होती. नंतर वाचत गेले तसं कळलं की त्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं, फक्त खाणारं बाळ नव्हतं, वारेतल्या रक्तवाहिन्या होत्या.

हे बघितलेलं पण फार जुनं आहे. अ‍ॅमस्टरडॅममधलं १६१७ सालचं एक चित्र आहे, दुपट्यात गुंडाळलेली दोन बाळं, एक लाल नि एक फिकट, आणि आजचे डॉक्टर ते चित्र बघून म्हणतात की ही एकाच वारेवरची जुळी असणार. कारण शोधायला पुढं अडीचशे वर्षं गेली. फ्रीडरिश शाट्स नावाचे जर्मन प्रसूतितज्ज्ञ होते, त्यांनी अशा वारा तपासून दाखवलं की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे दोघांचं आपापलं रक्ताभिसरण आणि त्यावर एक सामाईक तिसरं. १८८२ मध्ये त्यांनी लिहिलं की यातूनच एका बाळाभोवती पाणी फार आणि दुसऱ्याभोवती अगदी कमी असं होतं.

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत साधारण तीनात दोन जोड्यांची वार एकच असते. त्यातल्या शंभरात दहा-पंधरा जोड्यांत रक्ताची देवाणघेवाण एकतर्फी होते, त्याला ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्युजन म्हणतात. देणाऱ्याचं रक्त कमी पडतं, लघवी कमी होते, पाणी आटतं. घेणाऱ्याला रक्त जास्त, शिवाय देणाऱ्याच्या शरीरात बीपी वाढवणारी जी हार्मोन तयार होतात ती पण याच वाटेनं त्याच्याकडं येतात, म्हणून घेणाऱ्याच्या हृदयावर दुहेरी भार पडतो, भिंती जाड होतात, उजव्या बाजूची झडप गळायला लागते, काहींची फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद होते. म्हणजे गुटगुटीत दिसणारंच जास्त आजारी असू शकतं, आणि हे पटायला आम्हाला वेळ लागला. भाचीचं जे लाल होतं त्याचीच आज दरवर्षी इको करावी लागते.

मेंदूचं वेगळं. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाच्या मेंदूत पोकळ्यांजवळच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, बीपी वरखाली झालं की फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच, आणि रक्त कमी पोचलं तर पांढऱ्या भागाला इजा होते. त्यात एक बाळ पोटातच गेलं तर दुसऱ्याच्या मेंदूला धोका. आधी वाटायचं गेलेल्या बाळाकडून रक्ताच्या गाठी येतात, पण नंतर कळलं की जिवंत बाळाचं रक्तच थोड्या वेळात गेलेल्याच्या सैल पडलेल्या वाहिन्यांत उतरतं.

बरीच वर्षं उपाय एकच, सुईनं जास्तीचं पाणी काढत राहायचं. १९८८ मध्ये अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी दुर्बीण आत घालून त्या जोडवाहिन्या लेझरनं बंद केल्या. लोकांना शंका होत्या, पण २००४ मध्ये युरोपातल्या अभ्यासाचा निकाल आला, लेझरवाल्या गटात निदान एक बाळ जगल्याचं प्रमाण ७६ टक्के आणि पाणी काढलेल्यांत ५६, शिवाय मेंदूच्या पांढऱ्या भागाची इजा १४ वरून ६ टक्क्यांवर. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा वळणबिंदू हाच.

तरी ही जुळी आधीच येतात, त्यामुळं आईला द्यायची स्टेरॉईडची इंजेक्शनं महत्त्वाची. लिगिन्स आणि हाउई यांनी न्यूझीलंडमध्ये १९७२ ला ते दाखवलं, त्यानं फुप्फुसं तर पिकतातच, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. पण गरीब देशांत ते चालेल का यावर २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासानंतर शंका आली, त्या अभ्यासात आपलं बेळगाव पण होतं. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या २,८५२ बायकांवर पुन्हा तपासलं, भारतातल्या केंद्रांत परत बेळगाव, आणि २०२० चा निकाल असा की नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. आपल्या भागातल्या बायकांमुळं जगाला हे कळलं हे इथं फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता तपासणीचं. वार एक की दोन हे ११ ते १४ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये सगळ्यात नीट दिसतं, दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथं चिकटतो तिथं इंग्रजी टी सारखा आकार असेल तर वार एक, त्रिकोणी शेंडी असेल तर दोन. एक निघाली की सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी स्कॅन. पुढं पडदा पातळ होतो आणि ओळखणं अवघड जातं. भाचीचा पहिला स्कॅन पाचव्या महिन्यात झाला, तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड) नि रिपोर्टवर दोन्हीकडं एकच शब्द होता, ट्विन्स.