गुडघ्यातलं इंजेक्शन, दम्याची गोळी आणि शरीराचा हिशेब

समजा, रावेर-यावलकडच्या केळीबागांत घड वाहून पन्नाशीतच गुडघे गेलेला एक मजूर आहे. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यात इंजेक्शन दिलं. पंधरा दिवसांनी दमा उसळला, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. फाइली दोन, डॉक्टर दोन, औषधाची जात मात्र एकच : स्टेरॉइड. दोन दुकानांत उधारी मांडली तरी फेडणारा एकच असतो, तसं इथे शरीराचं होतं.

इंजेक्शन तर गुडघ्यातच राहतं ना? नाही राहत. ट्रायमसिनोलोनसारखं औषध मुद्दाम सावकाश विरघळणाऱ्या कणांच्या रूपात सांध्यात सोडतात. तिथून ते काही दिवस, कधी काही आठवडे रक्तात झिरपत राहतं. मोठ्या सांध्यात नेहमी देतात त्या ४० मिलिग्रॅमची ताकद प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे दम्यात गोळीतून नेहमी देतात त्या स्टेरॉइडच्या, सुमारे ५० मिलिग्रॅमइतकी. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं घरचं स्टेरॉइड, बनवतात, ते प्रेडनिसोलोनच्या भाषेत जेमतेम ३ ते ५ मिलिग्रॅम भरेल. बाहेरून एवढा पुरवठा आला की मेंदू या ग्रंथींना काम थांबवायला सांगतो. एका इंजेक्शननंतरही त्या एक ते चार आठवडे सुस्तावू शकतात. वरून गोळ्या सुरू झाल्या तर ही सुस्ती लांबते. मधुमेह असेल तर पहिला आठवडा साखर वारंवार तपासलेली बरी.

एकाच सांध्यात पुन्हा इंजेक्शन घ्यायचं तर किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात; वर्षाला तीन-चारच्या वर सहसा जात नाहीत. तीही सवय लावून घेण्यासारखी गोष्ट नाही. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याची झीज असलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षं ट्रायमसिनोलोन दिलं; उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी वेदनेत ठळक फरक नव्हता, आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गुळगुळीत गादी, जास्त झिजली होती. गुडघा बदलायचं ठरत असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

मग गोळी आणि इंजेक्शन यांत किती दिवस सोडायचे? सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. कशासाठी, किती डोस, किती दिवस, यावर ते ठरतं. गुडघ्याचं इंजेक्शन बहुतेक वेळा पुढे ढकलता येतं. दम्याचा जोरदार झटका ढकलता येत नाही. तिथे ‘परवाच इंजेक्शन झालंय’ म्हणून गोळ्या टाळणं जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं आणि तारखा कळायला हव्यात. इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव मोबाइलमध्ये टिपून ठेवलं तरी काम भागतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललेली गोळी बरं वाटलं म्हणून एकदम सोडून देणं. ग्रंथी अजून जाग्या झालेल्या नसतात. थकवा, चक्कर, मळमळ, उलट्या, रक्तदाब घसरणं. आता खानदेशातला मे महिना आठवा. भुसावळात पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना हीच लक्षणं दिसली, तर घरचे ‘ऊन लागलं’ म्हणून कैरीचं पन्हं देतील. पन्ह्याने बिघडणार काही नाही, पण वेळ जाईल, आणि इथे वेळ फार महाग असतो. उन्हाळ्यात असा रुग्ण दवाखान्यात नेलात तर अलीकडे कोणती गोळी बंद केली आणि इंजेक्शन कधी झालं, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.

आणि बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या? अशा औषधांत लपवलेलं स्टेरॉइड देशात अनेकदा सापडलं आहे. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा गुण आला, तर खूश होण्याआधी शंका घ्यावी. महिनोन्महिने घेत असाल तर पुडी परस्पर बंदही करू नका. ती सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.