दुपारची वीज स्वस्त कशी झाली: मागची सगळी गोष्ट

स्मार्ट मीटर (कुठल्या तासाला किती वीज वापरली ते नोंदवणारे) लागल्यापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच चर्चा, वॉशिंग मशीन दुपारी लावा, 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या युनिटला सवलत आहे. मग भोसरीत वर्कशॉप असलेला कुणीतरी विचारतोच, अरे आम्हाला तर वर्षानुवर्षं रात्री 10 नंतर स्वस्त मिळायची, हे उलटं कधी झालं? ते समजायला जरा मागे जावं लागतं, कारण वीज कंपनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशोब कसा मांडते तेच बदलत गेलंय.

आधीचा हिशोब सरळ होता. मागची काही वर्षं मागणी किती टक्क्यांनी वाढली ते बघायचं, पट्टी लावून रेघ पुढे ओढायची, रेघ जाईल तेवढे प्लांट बांधायचे. अमेरिकेत मागणी वर्षाला 7 टक्के वाढायची, म्हणजे 10 वर्षांत दुप्पट. 1973 च्या तेलसंकटानंतर दर चढले, लोकांनी वापर आवरला आणि रेघ वाकली. तिकडे वॉशिंग्टन राज्यात सरकारी कंपन्यांनी मिळून 5 अणुप्रकल्प काढले होते, पूर्ण झाला फक्त एक, आणि 1983 मध्ये दोन अर्धवट प्रकल्पांचे 2.25 अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. त्याच भागासाठी 1980 मध्ये कायदा झाला होता की नवा प्लांट काढायच्या आधी बचतीचा पर्याय बघा, ती 10 टक्क्यांपर्यंत महाग पडली तरी पहिला नंबर तिचाच. वाचवलेल्या युनिटची किंमत प्लांटच्या युनिटशेजारी ठेवायची सवय लागली ती साधारण या काळात.

आपल्याकडे हे काम आधी केलं बेंगळुरूचे ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डी यांनी. कर्नाटकच्या सरकारी समितीने जुन्या पद्धतीची रेघ ओढून ठेवली होती, रेड्डींच्या टीमने वीज कोण आणि कशासाठी वापरतो तिथून सुरुवात केली, आणि त्यांचा गरजेचा आकडा समितीच्या निम्म्याच्याही खाली आला.

आणि मग आपलं एन्रॉन, म्हणजे कोकणातला दाभोळ वीजप्रकल्प. राजकारण सगळ्यांना आठवतं, पण प्लॅनिंगची चूक फार कमी लोकांना. जागतिक बँकेने 1993 मध्येच सांगितलं होतं की दाभोळ महाराष्ट्राच्या गरजेपेक्षा मोठा आहे आणि चोवीस तास चालवायला परवडणार नाही. आपल्याला कमी पडत होती ती मुख्यतः संध्याकाळची वीज, त्यासाठी कोयनेसारखं जलविद्युत बरं, बटण दाबलं की काही मिनिटांत सुरू. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य वीज बोर्डाचा वीजखरेदीचा करार झाला. पुण्याच्या प्रयास या अभ्यासगटाने तो वाचून दाखवून दिलं की वीज घ्या न घ्या, प्लांटचा ठरलेला खर्च (स्थिर आकार) द्यावाच लागणार, वर दर डॉलरला बांधलेला. 1999 ला प्लांट चालू झाला, 2001 मध्ये बोर्डाने वीज घेणं थांबवलं. माझ्या मते तो प्रकल्प भ्रष्ट होता की नाही याच्या आधीचा प्रश्न हा की तो कुठल्या तासासाठी होता, आणि तो सरकारने विचारलाच नाही.

पुढची काही वर्षं लोडशेडिंगची. त्यात 2006 मध्ये पुण्यात एक भन्नाट प्रयोग झाला. कंपन्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर पडून होते, सीआयआय (उद्योजकांची संघटना) आणि प्रयासने मांडलं की तुटवड्याच्या तासांना कंपन्यांनी ते चालवायचे, म्हणजे त्यांच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला उरेल, आणि डिझेलचा जादा खर्च रिलायबिलिटी चार्ज म्हणून बिलातून वसूल करायचा. राज्यातले विजेचे दर ठरवणाऱ्या वीज आयोगाने मान्य केलं. शहराची तूट साधारण 90 मेगावॅट होती, तेवढ्यासाठी नवा प्लांट कोण बांधतोय! डिझेलचा धूर आणि महागडं युनिट, दोन्ही खरं, पण ते मोजक्या तासांपुरतं होतं आणि तिथेच ते परवडलं.

बचतीचं सगळ्यात ठळक उदाहरण अर्थात एलईडी. सरकारी घाऊक खरेदीत 2014 ला 310 रुपयांचा बल्ब दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला, कारण ऑर्डरच अवाढव्य होती. शिवाय बल्ब लागतो नेमका संध्याकाळी, म्हणजे बचत होते ती सगळ्यात महागड्या तासातली.

आता भोसरीवाल्याचं उत्तर. कोळशाचे प्लांट रात्री बंद करता येत नाहीत, कमी करायलाही मर्यादा, म्हणून पूर्वी रात्रीची वीज पडून राहायची आणि स्वस्त द्यायचे. आता दुपारी सोलर इतकं येतं की पडून राहायची वेळ तीच झाली. सौर कृषी वाहिनी या सरकारी योजनेतून शेतीपंप रात्रीचे दिवसावर आणायचं कारणही तेच (शेतकऱ्याची रात्रीची पायपीट वाचली हा फायदा वेगळाच). सूर्य मावळला की मात्र सोलर जातं आणि नेमके तेव्हाच घरोघरी एसी चालू होतात. 2024 पासून आयोगाच्या रिसोर्स अ‍ॅडिक्वसीच्या (गरजेइतकी वीज हाताशी असेल ना ते आधी बघायच्या) नियमांनुसार महावितरणला पुढच्या वर्षांचा आराखडा द्यावा लागतो, म्हणजे संध्याकाळच्या त्या तासांसाठी बॅटरी घ्यायची, दुपारच्या विजेने घाटात पाणी उलटं चढवून साठवायचं, कोळसा वाढवायचा की तुम्हाला-आम्हाला चार पैसे देऊन मशीन दुपारी लावायला सांगायचं, हे सगळे पर्याय आता एकमेकांशी ताडून बघणं आलं. यातला शेवटचा पर्याय सगळ्यात स्वस्त आहे, फक्त दिवसभर घर बंद असणाऱ्या आयटीवाल्यांनी मशीन लावायचं कधी ते अजून कुणी सांगितलेलं नाही.